दिसलं

गाडी मुकुंदवाडीला दोनच मिनिटं थांबते, आणि त्या दोन मिनिटांत ते घडलं. जालन्याहून येणाऱ्या पॅसेंजरनं मेघाची सासू भामाबाई उतरणार होती. महिनाभर लेकीकडं राहून ती आता काही दिवस यांच्याकडं यायची होती. चार वाजून गेले होते, एप्रिलचं ऊन फलाटाच्या फरशीतून उलटं वर येत होतं, आणि मेघा दोन्ही पोरांना घेऊन एका झाडाच्या विरळ सावलीत उभी होती. गाडी थांबली तशी तक्षशिला आईचा हात सोडून धावली. नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या पाठीवर आपटत. डब्यातून उतरलेल्या हिरव्या लुगड्यातल्या बाईच्या कमरेला तिनं मिठी मारली, तिच्या पोटावर गाल टेकला आणि म्हणाली, "आजी, किती उशीर केला." ती बाई भामाबाई नव्हती. चांगली उंच, अंगानं भरलेली कुणी परकी बाई होती ती, हातातली पिशवी वर धरून अवघडून उभी राहिलेली. भामाबाई तिच्या मागं चार पावलांवर होती. ठेंगणी, वाळकी, कमरेत वाकलेली. लुगडं तेवढं हिरवं. "अगं तक्षे, मी इकडं हाय की," ती म्हणाली. तक्षूनं मिठी सोडली, आवाजाकडं वळली आणि हसली. "मला माहीत होतं. मी गंमत केली."

परकी बाई हसली, भामाबाई हसली, मेघाही हसली. पण वळण्याच्या आणि हसण्याच्या मधे एक क्षण गेला होता, आणि त्या क्षणात मेघानं आपल्या पोरीचा चेहरा पाहिला होता. त्यावर चूक झाल्याचं भान नव्हतं की लाज नव्हती. मान थोडी कलती, डोळे कुठंच नाहीत, ओठ किंचित उघडे. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. मग त्यावर हसू आलं, आणि ते इतकं झटकन आलं की ते पहिल्यांदा आलेलं नव्हतं, हे मेघाला कळलं.

घरी चालत जायला पंधरा मिनिटं लागत. भामाबाई जालन्याच्या नातीचं काहीबाही सांगत होती आणि मेघा हुं हुं करत होती. पोरं पुढं होती. सहा वर्षांचा सम्यक बहिणीचा हात धरून चालला होता. तो नेहमीच तिचा हात धरे. मेघाला त्याचा अभिमान होता. रविवारी बागेत जमणाऱ्या, घरीच पोरं शिकवणाऱ्या आईबापांपुढं तिनं हे कितीदा सांगितलं होतं, की शाळेत वयाच्या भिंती घालतात, घरी भावंडं एकमेकांची होतात. आज ती त्या दोन हातांकडं बघत चालली. नालीशी आल्यावर सम्यकनं बहिणीचा हात दाबला आणि तक्षूनं लांब ढांग टाकली. पुढं कुणीतरी वाळू टाकून ठेवली होती, तिथं त्यानं दोनदा दाबला आणि ती डावीकडं सरली. दोघं बोलत नव्हती. सम्यक इकडंतिकडं बघतही नव्हता, सवयीनं होत होतं ते सगळं. मेघाच्या तळहाताला घाम फुटला. ऊन आहे, तिनं स्वतःला सांगितलं.

दोन खोल्यांचं, मागं थोडं अंगण असलेलं ते घर तिनं तीन वर्षं निवडून निवडून रिकामं केलं होतं. टीव्ही दिला. सोफा दिला. फोन एकच, तो राजकुमारकडं, आणि तो सकाळी चिकलठाण्याला कंपनीत गेला की घरात घंटी वाजत नसे. पोरांना तीन-तीन कपडे. जमिनीवर चटया, कोपऱ्यात पुस्तकांची एकच मांडणी, भिंतीवर पोरांनी लिहिलेले कागद. उजाडलं की उठायचं, अंगणात पाणी घालायचं, दळण निवडायचं, त्यातच गणित, त्यातच भाषा. आठ वाजता दिवे बंद. पहिल्या वर्षी राजकुमार कुरकुरला, मग त्यालाही त्या शांततेची गोडी लागली. "घरी आल्यावर कान धुतल्यासारखं वाटतं," तो म्हणे. त्या शांततेत आज मेघा पाय टाकत होती आणि तिला ती शांतता दबा धरून बसल्यासारखी वाटली.

संध्याकाळी तक्षू तांदूळ निवडत बसली. मेघा चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पोळ्या लाटत होती आणि तिरप्या नजरेनं बघत होती. पोरगी ताटाकडं बघत नव्हती. बोटं तांदळातून फिरत होती, थांबत होती, खडा उचलून बाजूला टाकत होती. मेघाला गेल्या दिवाळीतला दिवस आठवला. एक बाई घरी आली होती, तिनं हे पाहून विचारलं होतं, "न बघता कसं गं जमतं तुला?" आणि मेघानंच उत्तर दिलं होतं, "हातांना शिकवलं की हात शिकतात." ती बाई भारावून गेली होती. तक्षू तेव्हा खाली मान घालून बसली होती. पुस्तक ती नाकाला लावून वाचे, आणि मेघा त्याला तल्लीन होणं म्हणे. मोठ्या अक्षरांची पुस्तकं सोडून ती नवं काही स्वतः वाचत नसे. सम्यक मोठ्यानं वाचे आणि ती ऐकून घडाघडा म्हणून दाखवी. पाठांतर किती पक्कं आहे. गच्चीवर तारे दाखवताना मेघा विचारी, "तो बघ, तीन ताऱ्यांचा पट्टा. दिसला?" आणि तक्षू म्हणे, "दिसला." कधीही एवढंच. "दिसला." कुठं, कसा, किती, हे मेघानं कधी विचारलंच नव्हतं.

आत्ता विचारायला हवं होतं. हातातलं लाटणं ठेवून दाराशी जायचं, तीन बोटं वर करायची आणि म्हणायचं, किती? अर्ध्या मिनिटाचं काम. मेघानं पोळी उलटली. तिला एकदम गारखेड्यातली ती मोठी खाजगी शाळा आठवली, जिथं तिनं सात वर्षं चौथीला शिकवलं. वर्गात अठ्ठावन्न पोरं. पण मान तिरकी करून फळ्याकडं बघणारं पोर तिला पहिल्या आठवड्यात कळायचं. डोळे बारीक करणारं, शेजारच्याच्या वहीतून उतरवणारं. ती आईबापांना बोलावून घेई, चष्मा लावून घ्या म्हणे. दर वर्षी तीन-चार पोरांना तरी तिच्यामुळं चष्मे लागले. अठ्ठावन्नांत तिला दिसायचं. इथं दोन होती.

त्याच शाळेत तक्षू पहिलीत होती, दुसऱ्या बाईंच्या वर्गात. डायरीत तीनदा लिहून आलं होतं, "फळ्यावरचं उतरवून घेत नाही. लक्ष नसते." मेघाला त्या बाईंचा राग आला होता. आणि मग तो दिवस. हजेरीपट घेऊन ती लांब व्हरांड्यातून चालली होती, आणि पहिलीच्या वर्गाबाहेर तिची स्वतःची पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी होती. पावलांचा आवाज ऐकून तक्षू वळली. आईकडं बघितलं. आणि काही नाही. रडली नाही, धावली नाही, ओठसुद्धा हलला नाही तिचा, कुणी ओळखीचं नसल्यासारखी बघत राहिली. "तक्षू," मेघा म्हणाली, तेव्हा कुठं तिचा चेहरा फुटला. त्या न ओळखणाऱ्या नजरेनं मेघाला आरपार कापलं होतं. तीन महिन्यांत या भिंतींनी माझ्या पोरीतलं पोरपण मारलं, असं तिला वाटलं होतं. त्याच आठवड्यात तिनं तक्षूचं नाव काढलं आणि स्वतःचा राजीनामाही दिला. सगळं त्या नजरेवरून. पोळी तव्यावर जळाली तेव्हा मेघाला कळलं, की त्या दिवशी व्हरांड्यात पोरीला आई दिसलीच नव्हती.

तिनं त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राजकुमार कामावरून आला, जेवला, पोरांना पाठीवर घेऊन अंगणात फिरला, आणि तिनं त्याला काही सांगितलं नाही. धडे नेहमीसारखे घेतले, उलट जास्तच हळू, जास्तच गोड आवाजात. तक्षूनं पाढे म्हटले, नद्या म्हटल्या. ती काही चुकत नव्हती. न चुकणं आता मेघाला भयंकर वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ती न बोलता, चपला काढून अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिली, पोरीपासून सहा पावलांवर. तक्षू ओट्यावर बसली होती. तिनं मान वर केली. सरळ मेघाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि थोडा वेळ थांबून विचारलं, "आजी?" मेघा उत्तर न देता मागं सरली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तो पेला तसाच धरून उभी राहिली. मागं घरात भामाबाई घोरत होती. चौथा दिवसही तिनं जाऊ दिला. तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता.

सासऱ्यांना ती मामा म्हणे. कचरू मामा जिल्हा परिषदेत शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन सुटले. आता अजिंठ्याजवळच्या गावी राहत. नातीचं नाव त्यांनीच ठेवलेलं, तक्षशिला, आणि बारशाला आलेल्या प्रत्येकाला ते त्या नावाचं विद्यापीठ समजावून सांगत होते. शाळा सोडवल्याचं कळल्यावर ते पहिल्या गाडीनं आले होते आणि याच खोलीत, चटईवर न बसता, उभ्यानंच बोलले होते. "माझ्या बापाला शाळेच्या वट्यावर बसवायचे, दाराभायेर. तिथून ऐकून तो शिकला. अन् तू शिकलेली बाई, पोरीला आपल्या हातानं भायेर काढायलीस." मेघाचाही तोल गेला होता. "मामा, तिथं काय शिकवतात ते मी सात वर्षं पाहिलंय. पोरांना माझ्याकडं एक जरी गोष्ट कमी पडली ना, तर त्याच दिवशी मी स्वतः नेऊन शाळेत बसवीन. तुम्ही फक्त एक दाखवा." ते तसेच निघून गेले. पोरं तेव्हा आतल्या खोलीत होती. ती झोपलीत, असं सगळ्यांनी धरलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी भामाबाईनं चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मेघा, पोरीला दिसंना."

"दिसतं तिला," मेघा म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आला.

"दिसंना गं. काल मी हातात केळ धरून तिच्याम्होरं बसले, तिला वासानं कळलं. तुला ठावं हाय. चार दिस झाले तू बी बघायलीस तिच्याकडं." मग तिनं सम्यकला हाक मारली, मांडीवर बसवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं काही विचारलं नाही. सम्यकनंच सांगितलं, भिंतीकडं बघत. "मी सांगतो तिला सगळं. खड्डा आला की एकदा दाबायचं, वळायचं असलं की दोनदा. आणि आई तारे दाखवते तेव्हा लगेच दिसला म्हणायचं."

"आईला का नाय सांगितलं?"

"तक्षूनं शप्पथ घातली. एक गोष्ट कमी पडली की आपली शाळा बंद होणार. आजोबा नेणार तिला त्या शाळेत. तिला तिथं नाही जायचं. तिला आईचीच शाळा आवडते."

मेघा उठली. मांडणीशेजारच्या भिंतीवर पोरांच्या कागदांत एक मोठा कागद होता, तिनं स्वतः कडेनं वेलबुट्टी काढलेला. गेल्या भाद्रपदात तक्षूनं सांगितलं होतं, तिनं लिहून घेतलं होतं. "माझ्या डोळ्यात काळ्या मुंग्या चालतात. मी मान हलवली की त्या पोहतात. मग कडेला वीज चमकते, पण पाऊस येत नाही. मग एका बाजूनं संध्याकाळ होते." रविवारच्या बैठकीत मेघानं ते वाचून दाखवलं होतं. कुणीतरी म्हणालं होतं, शाळेत असती तर हे असं सुचलंच नसतं. तक्षू तेव्हा मेघाच्या मांडीजवळ बसून प्रत्येक आवाजाकडं मान वळवत होती. आता मेघाला आठवलं, बैठकीहून येताना पोरगी म्हणाली होती, "आई, ते खरं आहे." आणि ती म्हणाली होती, "असतंच गं. चांगलं लिहिलेलं खरंच असतं."

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना चार तास लागले. राजकुमारनं रजा टाकली होती. सकाळपासून तो मेघाशी दोन वाक्यं बोलला होता. "चार दिवस?" हे एक, आणि "रिक्षा आली" हे दुसरं. कचरू मामा गावाहून थेट दवाखान्यातच आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कोर्टात जावं तसे. राजकुमार सम्यकला घेऊन बाहेर थांबला. आत मेघा, तक्षू आणि मामा. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत थेंब घातले, उजेड टाकला, पुन्हा टाकला, मग एका तरुण डॉक्टरला बोलावून त्यालाही बघायला लावलं. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. ते न बोलणं मेघाला ओळखीचं वाटलं. तिच्या घरात तीन वर्षं तेच होतं.

"लहानपणापासून लांबचं दिसत नसणार हिला," बाई म्हणाल्या. "नंबर फार मोठा आहे. असे डोळे आतून ताणलेले असतात. उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, आणि तो जुना आहे, सहा-आठ महिने तरी. डाव्यालाही बारीक छिद्रं पडलीत. तो आपण वाचवू, उद्याच करू. हिनं कधी काळे ठिपके दिसतात, वीज चमकते, असं काही सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं," मेघा म्हणाली.

बाई थांबल्या. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबल्या असाव्यात.  मेघाला भिंतीवरची वेलबुट्टी दिसत होती, हिरव्या पेन्सिलीची, कोपऱ्यात एक फूल.

"आणि शाळेत? फळ्यावरचं दिसत नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही? कुठल्या शाळेत आहे ही?"

तक्षू खुर्चीत ताठ बसली. थेंबांनी तिच्या बाहुल्या पसरून डोळे काळेभोर झाले होते, आणि ती आवाजाच्या थोडं डावीकडं बघत बोलली, अगदी स्वच्छ, पाढा म्हणावा तशी. "मी गारखेड्याच्या शाळेत जाते. चौथीत. आमच्या बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी चिठ्ठी दिली होती घरी द्यायला. मी ती फाडून टाकली. आईला माहीतच नव्हतं."

खोलीत पंखा फिरत होता. मेघाला वाटलं आता मामा बोलतील. मामा गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, लिहायला पेन उचललं, आणि त्या खोटेपणात एक जागा तयार झाली. थंड, सावलीची, मेघाला पुरेल एवढी. फक्त गप्प बसायचं होतं. पोरीनं सगळं नीट रचलं होतं, चिठ्ठीसकट. किती दिवस रचत होती ती हे? मेघा त्या सावलीत उभी राहिली. एक, दोन, तीन, चार, किती सेकंद ते तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही. पेन कागदावर फिरलं.

"ती शाळेत जात नाही," मेघा म्हणाली. "तीन वर्षं मी घरी शिकवते. चिठ्ठी कुणी दिली नाही. डोळ्यांचं तिनं मला सांगितलं होतं, मी ती कविता समजले."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. लिहिलेली ओळ खोडली. तक्षूनं मात्र मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "कशाला सांगितलंस?"

डावा डोळा वाचला. उजव्याची शस्त्रक्रियाही केली, पण त्यात उजेड-अंधार कळण्यापलीकडं काही परत आलं नाही. मे महिना पट्ट्या, थेंब आणि उताणं न झोपण्याच्या सूचना यांत गेला. मामा गावी गेले नाहीत. दर दोन तासांनी घड्याळ बघून थेंब घालायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. एकदा अंगणात मेघा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, जूनमधे शाळेत घालते तिला. मी बोलले होते तसं."

"घाल," ते म्हणाले. हातातली थेंबांची बाटली फिरवत पुढं बोलले. "म्या बी दिवाळीला आठ दिस हितं होतो. मला पेपर वाचून दाखव म्हणलं तर नाय म्हणली. मला वाटलं, शाळा नाय, म्हणून वाचता येत नसंल. मला बरं वाटलं व्हतं, मेघा. म्हणलं, ते एक घावलं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. मेघाला त्यांनी आणखी काही बोलावं असं वाटत होतं, शिवी दिली असती तरी चाललं असतं. राजकुमारही भांडला नाही. तो संध्याकाळी येई, पोरीजवळ बसे, आणि मेघानं ताट वाढलं की ताटाकडं बघून जेवे. घर पूर्वीइतकंच शांत होतं.

चष्मा आला तो सकाळी. जाड काचांचा, दोरी लावलेला. राजकुमारनं तो तिच्या डोळ्यांवर बसवला आणि तो कामावर गेला. तक्षू अंगणात निघाली. तिनं कडीपत्त्याची पानं एकेक धरून पाहिली. भिंतीवरून जाणारी मुंग्यांची रांग पाहिली, बराच वेळ. सम्यकला तोंड उघडायला लावून त्याचा पडलेला दात पाहिला आणि म्हणाली, "तू तर लहान आहेस की." आजीच्या सुरकुत्यांना बोट लावून पाहिलं, आजोबांचा सदरा पाहिला. मेघा आत चटईवर पुस्तक घेऊन बसली होती. जूनला अजून दहा दिवस होते, आणि शाळेत जायच्या आधी राहिलेला धडा संपवायचा, असं तक्षूनंच ठरवलं होतं. ती आत आली, समोर मांडी घालून बसली आणि आईकडं बघू लागली. एकच डोळा, काचेमागं बारीक झालेला, पण थेट. तो कपाळावर थांबला, भुवयांवर थांबला, तोंडाशी आला आणि तिथंच राहिला. असं मेघाला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आपला चेहरा कसा आहे, याचा तिला अंदाज येईना. तिनं ओठ हलवायचा प्रयत्न केला. ते कुठल्या दिशेला गेले, तिला कळलं नाही.

"मला वाटायचं," तक्षू म्हणाली, "शिकवताना तू हसत असतेस."

"मग? नाही हसत?"

"नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सम्यकनं सांगावं, पुढं नाली आहे, तशी ती म्हणाली. थोडा वेळ ती आणखी बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी बंद केली, आणि कान आईकडं करून नेहमीसारखी मान कलती केली. "आता वाच," ती म्हणाली.

झोपेखेरीज चष्मा काढायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं. मेघानं डबीकडं पाहिलं. मग पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली, हळू, जमेल तितक्या गोड आवाजात.